वाचकांचे प्रश्न : मिस्त्री पडला तर भरणार कोण?

प्रश्न : वकीलसाहेब, सौंसरला आमचं जुनं घर आहे. खालचं तसंच ठेवून वर दोन खोल्या आणि पुढे सज्जा काढायचा आहे. दोन ठेकेदार पाहिले. एक इथलाच. सिमेंट, लोहा, रेती आम्ही आणून द्यायची आणि तो लेबर रेटने काम करणार. मजुरांची हजेरी दर शनिवारी आम्हीच चुकवायची, असं त्याचं म्हणणं. दुसरा नागपूरचा. मटेरियलसकट ठेका घेतो, जीएसटी नंबर आहे, ‘आमचा सगळा इन्शुरन्स आहे’ असंही सांगतो, पण भाव चढा आहे. पुण्यात असलेला मुलगा म्हणतो, लायसन्स आणि विमा पाहिल्याशिवाय कुणाला काम देऊ नका. इथे तर असं कुणी विचारत नाही. आम्ही नेमकं काय मागायचं?
— एक वाचक, सौंसर

उत्तर : मुलाचा सल्ला बरोबर आहे, पण त्यातलं लायसन्स तुम्हाला मिळणार नाही, कारण ते नाहीच. खाजगी घर बांधणाऱ्या मिस्त्रीला किंवा ठेकेदाराला सरकारने परीक्षा घेऊन परवाना द्यावा, अशी व्यवस्था आपल्याकडे नाही. ‘पीडब्ल्यूडी रजिस्टर्ड’ ही पाटी सरकारी निविदा भरण्यापुरती असते. गुमास्ता म्हणजे दुकानाची नोंद. रेरा विकायला काढलेल्या प्रकल्पांसाठी आहे, तुमच्या दोन खोल्यांशी त्याचा संबंध नाही. लेटरहेडबद्दल काय बोलावं, ते तर छापखान्यातून येतं.

अपवाद वायरिंगचा. विजेचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करावं, असा नियम आहे आणि हा परवाना राज्याचा असतो. नागपूरचा माणूस महाराष्ट्राचा परवाना दाखवेल, तर मध्य प्रदेशच्या विद्युत अनुज्ञापन मंडळाचा आहे का, हे विचारा. पांढुर्णा-सौंसरची बोली आणि सोयरीक नागपूर-वरुडकडची असली, तरी कागद भोपाळचा लागतो.

जीएसटी नंबर मात्र घरबसल्या तपासता येतो. 15 अक्षरी नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात. मध्य प्रदेश 23, महाराष्ट्र 27. पुढची दहा अक्षरं त्याचा पॅन. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की नाव कुणाचं आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे दिसतं. लेटरहेडवरचं नाव आणि तिथलं नाव जुळलं नाही, तर तिथेच थांबा. उलट इथल्या मिस्त्रीकडे नंबर नाही म्हणून तो लबाड ठरत नाही. फक्त सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर सहसा नोंदणी लागत नाही. मात्र नोंदणी नसलेल्याने बिलात जीएसटी लावला, तर तो देऊ नका.

आता विमा. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य हजेरीचं आहे. ती तुम्ही चुकवायची, मटेरियल तुमचं आणि कामावर कोण यायचं हेही तुम्हीच पाहणार, तर उद्या परांचीवरून कुणी पडला की ‘मी फक्त मिस्त्री, मालक तर हे’ असं म्हणायला तो ठेकेदार मोकळा. आणि त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नसेल.

1923 च्या भरपाई कायद्यात, एका मजल्याहून उंच किंवा जमिनीपासून छपराच्या टोकापर्यंत 12 फूट वा अधिक असलेल्या इमारतीवर काम करणारा मजूर येत होता. धंद्याबाहेरच्या किरकोळ कामासाठी लावलेला मजूर पूर्वी वगळलेला असे, ती सूट 2000 च्या दुरुस्तीने काढली. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. राहतं घर बांधणाऱ्याला ‘आस्थापना’ म्हणायचं का, यावर नव्या संहितेत घरमालकाला बचावाची थोडी जागा आहे. पण ती वकील लावून, तारखा करून मिळवायची जागा आहे. तिच्या भरवशावर स्लॅब टाकू नये.

रक्कम किती होते ते पाहा. मजूर 30 वर्षांचा, महिन्याची मजुरी 15,000 रुपये. मृत्यू झाल्यास मजुरीच्या निम्मे, म्हणजे 7,500, गुणिले त्या वयाचा ठरलेला गुणांक 207.98. होतात 15,59,850 रुपये. दोन खोल्यांचा सगळा खर्चही कदाचित एवढा नसेल.

म्हणून काम अंगावर घेणारा, माणसं स्वतः आणणारा आणि त्यांची मजुरी स्वतः चुकवणारा ठेकेदार असेल, तर ही जबाबदारी मुख्यतः त्याची राहते. ठेकेदाराच्या मजुरासाठी काम देणाऱ्याला धरायची तरतूद आहे, पण ती त्याच्या धंद्याच्या कामापुरती. खाली दुकान असेल आणि वरच्या खोल्या दुकानाच्या मालासाठी असतील, तर मात्र ही ढाल पातळ होते. पत्रात तुम्ही त्याबद्दल लिहिलेलं नाही, म्हणून सांगून ठेवतो.

नागपूरवाल्याला म्हणा, ‘पॉलिसी दाखवा.’ मोबाईलवरचा पहिल्या पानाचा फोटो चालणार नाही, पूर्ण शेड्युल हवं. मजुरांच्या भरपाईची पॉलिसी, जिला बाजारात अजूनही डब्ल्यूसी म्हणतात, तीत विमाधारकाचं नाव, मुदत, कामाचं स्वरूप, कामाची जागा आणि मजुरांची संख्या लिहिलेली असते. पॉलिसीत चार मजूर आणि तुमच्या घरी नऊ, किंवा पॉलिसी सुतारकामाची आणि काम स्लॅबचं, तर दाव्याच्या वेळी कंपनी तेवढ्यावरच बोट ठेवते. दवाखान्याच्या खर्चाचं कलम घेतलंय का, ते वेगळं विचारा. मग पॉलिसी नंबर घेऊन कंपनीच्या शाखेत स्वतः खात्री करा. खरा कागद असलेला माणूस यावर चिडत नाही.

इथल्या मिस्त्रीकडे पॉलिसी नसणारच. तरीही मी त्याला बाद करणार नाही. त्याने बांधलेली घरं तुम्हाला पाहता येतात. तीन-चार पावसाळे काढलेल्या एखाद्या घरी जा आणि मालकाला स्लॅब गळते का विचारा. कुठलंही प्रमाणपत्र याची बरोबरी करत नाही. त्याच्याशी मात्र लेखी ठरवा की माणसं त्याची, मजुरी तो वाटणार, तुम्ही कामाच्या टप्प्याप्रमाणे त्यालाच पैसे देणार. डब्ल्यूसी पॉलिसी कामाच्या मुदतीपुरती घेता येते. हप्ता मजुरीच्या रकमेवर आणि कामाच्या धोक्यावर ठरतो. तो तुम्ही भरून भावातून वळता करा. प्रत्येक मजुराची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू आहे का, तेही पाहा. वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात, वयाची अट 18 ते 70. ही मजुराच्या घरच्यांना मदत आहे, तुमची जबाबदारी त्याने फिटत नाही.

आणि पट्टा-हेल्मेट. इमारत किंवा तिचा भाग कोसळून जीव धोक्यात येऊ नये, याची खबरदारी बांधकामात निष्काळजीपणाने न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 290 खाली गुन्हा आहे. जीव गेला तर कलम 106, पाच वर्षांपर्यंत कैद. याचा विमा कुठलीही कंपनी विकत नाही.

काम सुरू होण्याआधी शेजाऱ्याच्या भिंतीचे फोटो, शेजाऱ्याला सोबत घेऊनच काढा. जुनी भेग कुणाची, यावरून सौंसरात काय, कुठेही पिढ्यान्‌पिढ्या अबोला राहतो.

प्रश्न : ठेकेदाराने बयाणा घेतला, पाया भरला आणि आता फोन उचलत नाही. दिलेल्या पावतीवर ‘न्यायक्षेत्र नागपूर’ छापलंय. पोलिसांत जाऊ का?
— एक वाचक, पांढुर्णा

उत्तर : काम अर्धवट टाकणं एवढ्याने फसवणुकीचा गुन्हा होत नाही. सुरुवातीपासूनच बुडवायचा इरादा होता, हे दाखवावं लागतं, आणि तुमच्याकडे तर त्याने पाया भरून दिला आहे. ठाण्यातून बहुधा ‘दिवाणी मामला’ म्हणून परत पाठवतील. तुमची जागा ग्राहक आयोग आहे. घरबांधणी ही ‘सेवा’ असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात 1993 सालीच सांगितलं आणि 2019 च्या कायद्याच्या व्याख्येतही ती आहे. त्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. छापील ‘नागपूर’ पाहून नागपूरच्या चकरा सुरू करू नका. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत वाद उभा राहिल्यापासून दोन वर्षं.

त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा आणि पंधरा दिवसांची लेखी नोटीस त्याच्या आधारवरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा. दुसऱ्या मिस्त्रीला हात लावू देण्यापूर्वी झालेल्या कामाचं मोजमाप एखाद्या अभियंत्याकडून सही-तारखेसह करून घ्या. एकदा त्यावर नवी जोडाई चढली की कुणाचं किती, हे आयोगाला सांगता येणार नाही.