तोडीला कधी जाणार?

बीड जिल्ह्यातल्या कपिलधारच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे मुतखड्याचे रुग्ण मी बरीच वर्षं पाहते आहे. साधनं बेताची. त्या साधनांत काय करायचं, हे मला बऱ्याच अंशी या रुग्णांनीच शिकवलं.

१. खडा केवढा, हा पहिला प्रश्न नसतो. रुग्ण सोनोग्राफीचा कागद पुढे करून तोच विचारतो, "मॅडम, केवढाय?" मूत्रवाहिनीतला पाच मिलिमीटरच्या आतला खडा बहुतेक वेळा आपला आपण पडतो. मी आधी तापाचं विचारते. वर लघवी तुंबलेली आणि थंडी वाजून ताप, असं असलं की त्या दिवशी खड्याला हात लावायचा नाही. डीजे स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची बारीक नळी) घालून किंवा पाठीतून नळी टाकून फक्त वाट मोकळी करायची. नातेवाइकांना ते पटत नाही. "खडा काढलाच नाही, मग ऑपरेशन कसलं?" पण जीव वाचतो तो या छोट्या कामाने, आणि त्याला महागडं यंत्र लागत नाही.

२. जुन्या पद्धतीत कमीपणा नाही. पाठीतल्या बारीक छिद्रातून किडनीतला खडा काढण्याची पद्धत स्टॉकहोमच्या फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी १९७६ मध्ये जगापुढे मांडली. १९८० मध्ये म्युनिकला चाउसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंगाला चीर न देता, बाहेरून आघातलहरी सोडून खडा फोडला. कुशीवरची मोठी चीर मागे पडली, हे चांगलंच झालं. तरी जिथे सी-आर्म (शस्त्रक्रिया चालू असताना आतलं दाखवणारं एक्स-रे यंत्र) नाही आणि माणूस मोठ्या शहरात जाऊ शकत नाही, तिथे नीट केलेली उघडी शस्त्रक्रिया आजही किडनी वाचवते. नव्या सर्जनांच्या हातांनी ती विसरू नये असं मला मनापासून वाटतं. मूत्रवाहिनीतल्या खड्याला हवेच्या दाबावर चालणारं लिथोट्रिप्टर पुष्कळदा पुरतं. लेझरच्या मानाने ते स्वस्त आणि टिकाऊ. फक्त त्याच्या ठोक्याने खडा कधी कधी उलटा किडनीकडे पळतो.

३. माझ्या कामाचं वेळापत्रक साखर कारखाने ठरवतात, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. त्याआधी कुशीतलं दुखणं घेऊन येतात: "जायच्या आत काय ते करा." खडा फोडायचा, आत स्टेंट ठेवायचा, काही आठवड्यांनी काढायचा, अशी रीत. पण तोडीवर एक खाडा म्हणजे मजुरी बुडते आणि वर दंड. दुखणं थांबलेलं असतं, आतली नळी दिसत नाही. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, माणूस गावी येतो तेव्हा तीन महिन्यांच्या आत निघायला हवी होती ती नळी क्षारांनी माखलेली असते, टोकांना नवे खडे धरलेले असतात. जोर लावून ओढली तर मूत्रवाहिनीच फाटायची. मग एका खड्यापायी दोन-तीन शस्त्रक्रिया. याला बेफिकिरी म्हणणं सोपं आहे. फडाजवळच्या कोपीवरचा, म्हणजे झोपडीतला, दिवस कसा जातो हे बायकांकडून ऐकल्यावर तो शब्द माझ्या तोंडी येईना.

आता मी सुरुवातीलाच विचारते, तोडीला कधी जाणार? खडा पूर्ण निघाला, मूत्रवाहिनीला इजा नाही, सूज नाही, तर स्टेंट ठेवतच नाही. थोड्या दिवसांसाठी ठेवावा लागलाच तर त्याची दोरी बाहेर ठेवते. निघण्याआधी ती ओढून स्टेंट काढता येतो, दुर्बीण लागत नाही.

४. निरोप कुणाकडे द्यायचा, हेही उपचारातच येतं. कार्तिक पौर्णिमेला मन्मथ स्वामींच्या यात्रेला कपिलधार माणसांनी फुलून जातं, पण तोडकरी तेव्हा उसाच्या फडात असतात. गावी राहिलेल्या सासूबाई यात्रेला येतात. स्टेंटची तारीख मी त्यांना सांगून ठेवते. माझा फोन एक वेळ सुटेल, त्यांचा सून उचलतेच.

५. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत खड्याच्या शस्त्रक्रिया आहेत, हा मोठा आधार. रुग्णासोबत थांबणाऱ्याची बुडालेली मजुरी मात्र कुठल्याच कार्डावर येत नाही.

६. "भरपूर पाणी प्या" हे मी ऊसतोडणीच्या बाईला नुसतं सांगू शकत नाही. पुन्हा खडा होऊ नये म्हणून दिवसाला अडीच लिटरच्या आसपास लघवी व्हायला हवी. फडात आडोसा नाही, म्हणून ती पहाटेपासून पाणीच टाळते. २०१९ मध्ये याच बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून राज्यभर चर्चा झाली. तेव्हापासून पोट दुखतं म्हणणाऱ्या प्रत्येकीची मी कूसही तपासते, लघवीही. खडा काढलेल्या सुमारे निम्म्या लोकांना दहा वर्षांत तो पुन्हा होतो. फडाशेजारी पिण्याचं पाणी आणि फिरता संडास देणं कारखान्यांना जड नाही. मुकादम भेटला की मी हे बोलतेच, आणि हंगामाआधीच्या गावबैठकीतही मांडते.