मफीबोशेथचे गाढव आणि चाकाची खुर्ची



येत्या ११ फेब्रुवारीला, लूर्दमातेच्या सणादिवशी, ख्रिस्तसभा जागतिक रुग्णदिन पाळते. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९२ साली हा दिन जाहीर केला आणि १९९३ साली तो प्रथम पाळला गेला. त्या दिवशी आपण आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो, रुग्णाभ्यंग संस्कार देतो. यंदा त्या निमित्ताने आपण एका साध्या वस्तूचा अभ्यास करू या. ती वस्तू म्हणजे व्हीलचेअर, चाकाची खुर्ची.

कोणी विचारील, पवित्र शास्त्रात व्हीलचेअर कुठे आहे? ती नाही. परंतु एक गाढव आहे, आणि त्या गाढवाची गोष्ट आपल्या प्रवचनांतून सहसा राहून जाते.

योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ पाच वर्षांचा असताना शौल व योनाथान युद्धात पडल्याची बातमी आली. दाई त्याला घेऊन पळाली, तो तिच्या हातून पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला (२ शमुवेल ४:४). पुढे दावीद राजाने मित्राच्या आठवणीखातर त्याला लोदबारहून बोलावून घेतले, आजोबांची जमीन परत दिली व कायमचे आपल्या पंक्तीला बसविले (अध्याय ९). आपण सहसा येथेच थांबतो आणि राजाच्या दयेचे गुणगान करतो.

पण पुढे अबशालोमाने बंड केले व दावीद यरुशलेम सोडून निघाला. तेव्हा मफीबोशेथचा कारभारी सीबा खोगीर घातलेली दोन गाढवे, भाकरी, मनुका व द्राक्षारस घेऊन वाटेत राजाला भेटला. त्याने सांगितले की आपला धनी राज्य मिळण्याच्या आशेने शहरातच थांबला आहे. राजाने चौकशी न करता मफीबोशेथची सारी मालमत्ता सीबाला देऊन टाकली (अध्याय १६). बंड मोडल्यावर राजा परतला, तेव्हा खरा प्रकार उघडकीस आला. मफीबोशेथ गाढवावर खोगीर घालून निघणारच होता, पण नोकराने त्याला फसविले. त्याला पायी चालता येत नव्हते, म्हणून त्याला घरीच राहावे लागले, आणि त्याच्या गैरहजेरीत त्याची बदनामी झाली (१९:२४-३०). दावीदाने मग जमीन दोघांत वाटून दिली. हा न्याय मला कधीच पटला नाही, पण तो विषय वेगळा.

आपला मुद्दा हा की मफीबोशेथला राजाच्या ताटातले जेवण होते, जमीन होती, नोकरचाकर होते. स्वतःच्या हाती नव्हते ते फक्त जाण्यायेण्याचे साधन. ते दुसऱ्याच्या मर्जीवर होते, आणि तेवढ्यावरून त्याची अब्रू व वतन दोन्ही गेले. आपल्याकडे लकवा झालेल्या वडिलांना मुले वेळेवर जेवू घालतात, औषध देतात. ही सेवा मोठीच आहे. पण बँकेत अंगठा द्यायला, ग्रामसभेला, शेताच्या बांधावरच्या भांडणात आपली बाजू सांगायला त्यांना कोण नेतो? तेथे कोणी ना कोणी सीबा त्यांच्या वतीने बोलत असतो. बहुतेक सीबा प्रामाणिक असतात. पण सगळेच नसतात.

आपल्या महाराष्ट्रातच ह्याचे उत्तम उदाहरण आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ऐन तारुण्यात कमरेखाली लुळ्या झाल्या. बंगळूरच्या बाबूकाका दिवाण ह्या गृहस्थांची त्यांच्याशी गाठ पडली. ते स्वतः तशाच अवस्थेत होते, तरी व्यवसाय सांभाळीत आणि बदल करून घेतलेली मोटार स्वतः चालवीत. त्या भेटीने नसीमादीदींचे आयुष्य पालटले. त्यांनी सरकारी नोकरी केली, आणि १९८४ साली कोल्हापूरला 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले 'चाकाची खुर्ची'. पुस्तकाला द्यायला सुखदुःखाची कितीतरी नावे सुचली असती, त्यांनी खुर्चीचे नाव दिले. तसेच सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेल्या ह्या जवानाने १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे झालेल्या अपंगांच्या ऑलिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. पुण्याजवळ खडकी येथे अशा जवानांसाठी १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे.

आता खुर्चीविषयी. घडी घालता येणारी, मोटारीत मावणारी खुर्ची १९३० च्या दशकात अमेरिकेत एव्हरेस्ट व जेनिंग्ज ह्या दोन अभियंता मित्रांनी बनविली. त्यांतील एव्हरेस्ट ह्यांचा खाणीतील अपघातात मणका मोडला होता. आज शिबिरांतून वाटल्या जातात त्या खुर्च्या बहुतेक ह्याच घडणीच्या. इस्पितळाच्या गुळगुळीत फरशीवर ती उत्तम चालते. आपल्या बदनापूर तालुक्याच्या काळ्या मातीत मात्र पहिल्या पावसानंतर तिची पुढची लहान चाके रुततात. म्हणून ज्याचे हात बळकट आहेत आणि ज्याला गावातून हायवेपर्यंत किंवा स्टेशनपर्यंत जायचे आहे, त्याला हाताने चालवायची तीनचाकी सायकल अधिक उपयोगी पडते. घरात व मंदिरात व्हीलचेअर, रस्त्यावर तीनचाकी, असे दोन्ही असल्यास उत्तम.

खुर्ची मापाची हवी, हे फार थोड्यांना ठाऊक असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत ह्याच गोष्टीवर भर दिला आहे: माणसाला तपासून, माप घेऊन, बसवून पाहून व वापर शिकवून मगच खुर्ची द्यावी. बैठक फार रुंद असली तर माणूस एका बाजूला कलतो, पाठीला बाक येतो. पाय ठेवायची पट्टी फार वर असली तर सारा भार कुल्ल्यांवर येतो. ज्यांना कमरेखाली संवेदना नाही त्यांना हे दुखत नाही, आणि तोच धोका. तेथे कातडी दबून जखम होते, ती हाडापर्यंत जाते आणि त्यातून जीवही जाऊ शकतो. म्हणून चांगली गादी वापरावी, दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलावे अगर पुढे वाकावे, आणि रोज रात्री घरच्यांनी किंवा आरशाच्या साहाय्याने स्वतः कातडी पाहावी. लाल डाग जात नसेल तर त्या जागेवर भार देऊ नये व डॉक्टरांना दाखवावे. गरम चहाचे पातेले मांडीवर घेऊन खुर्ची ढकलू नये. भाजल्याचे कळतच नाही.

ढकलणाऱ्यांसाठीही चार शब्द. बसताना-उठताना दोन्ही ब्रेक लावलेले असावेत. पायपट्टीवर उभे राहू नये, खुर्ची पुढे उलटते. तीव्र उतारावर खुर्ची उलटी धरून, आपण खालच्या बाजूला राहून उतरावी. पायऱ्यांवर उचलताना निघणारे हात किंवा पायपट्ट्या धरू नयेत, मूळ सांगाडा धरावा. पंक्चर गावातला सायकलवालाही काढू शकतो, तेव्हा टायर फुटला म्हणून खुर्ची कोपऱ्यात टाकून तिच्यावर ज्वारीचे पोते ठेवण्याचे कारण नाही.

आणि विचारल्याशिवाय कोणाची खुर्ची ढकलू नये. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना मोरिस मेर्लो-पाँती ह्या फ्रेंच विचारवंताचा १९४५ सालचा ग्रंथ आम्ही अभ्यासला. त्यात आंधळ्याच्या काठीचा दाखला आहे. सवय झाल्यावर ती काठी त्याला हातातली वस्तू वाटत नाही, तिच्या टोकाशी त्याचा स्पर्श जातो, ती त्याच्या शरीरातच येते. खुर्चीचे तसेच आहे. न विचारता ती सरकवणे म्हणजे एखाद्याला बखोटीला धरून बाजूला करण्यासारखे आहे. बोलतानाही सोबत्याला "ह्यांना काय हवे?" असे न विचारता, शक्यतो खाली बसून, त्यांच्याशीच बोलावे.

ख्रिस्तसभेलाही हा धडा हळूहळूच उमगला. लेवीय ग्रंथात (२१:१७-२३) लंगड्या याजकाला वेदीजवळ जाण्यास मनाई आहे, मात्र पवित्र भाकर खाण्याचा त्याचा हक्क कायम ठेवला आहे. १९१७ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यातही शारीरिक व्यंग हा गुरुदीक्षेतील अडथळा होता. १९८३ च्या नव्या कायद्याने तो काढला. आणि मे २०२२ पासून सर्व जगाने पोप फ्रान्सिस ह्यांना व्हीलचेअरवर पाहिले. गुडघ्याच्या दुखण्यामुळे त्यांनी खुर्ची स्वीकारली व तीत बसूनच त्या जुलैत कॅनडाचा दौरा केला. ६ एप्रिल २०२५ रोजी आजाऱ्यांच्या ज्युबिलीच्या मिस्सावेळी ते खुर्चीतूनच संत पेत्राच्या चौकात आले. त्यानंतर पंधरा दिवसांनी, २१ एप्रिलला, ते देवाघरी गेले.

ज्यांच्या घरी गरज आहे त्यांनी प्रथम दिव्यांग प्रमाणपत्र व त्यासोबतचे 'यूडीआयडी' ओळखपत्र काढून घ्यावे. अर्ज ऑनलाइन करता येतो, तपासणी जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात होते. २०१६ च्या कायद्यानुसार चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असल्यास बहुतेक योजना लागू होतात. केंद्र सरकारची कानपूर येथील 'अलिम्को' ही कंपनी बनविते त्या खुर्च्या व तीनचाकी शिबिरांतून गरजूंना मिळतात. तसेच ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. ग्रामसभेत हा प्रश्न विचारण्यास कोणी संकोच करू नये. फॉर्म भरण्यास मदत हवी असल्यास मिस्सानंतर कार्यालयात यावे.

आता आपल्या घरचे. कफर्णहूमच्या चौघांना (मार्क २:१-१२) दारातून वाट मिळेना, म्हणून त्यांनी छप्पर उघडले. आपल्या मंदिराला तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी सहा इंच. म्हणजे दीड फूट चढ. उताराचा नियम एकास बाराचा: एक फूट चढासाठी बारा फूट लांबी. आपल्याला अठरा फूट लांब व निदान चार फूट रुंद उतार लागेल. समोर एवढी जागा नाही, ग्रोटोच्या बाजूने आहे. आत, उजवीकडच्या दुसऱ्या बाकाचा अर्धा भाग काढला तर खुर्ची कुटुंबाशेजारी राहील, मधल्या वाटेत एकटी पडणार नाही. वाचनासाठी वेदीवर चढावे लागू नये म्हणून लांब वायरचा माईक घेता येईल. आजारी, वयोवृद्ध व त्यांची सेवा करणाऱ्यांना ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी एक तासाच्या उपवासाचे बंधन नाही, हेही ध्यानात असावे. औषधासोबत काही खाल्ले म्हणून कोणी मागे राहू नये.

येत्या रविवारी मिस्सानंतर ग्रोटोजवळ माप घेणार आहोत. गवंडीकाम जाणणाऱ्यांनी थांबावे, आणि ज्यांच्या घरी खुर्ची आहे त्यांनी ती, बसणाऱ्या माणसासह, घेऊन यावे. उतार कुठून कसा काढायचा हे त्यांनीच सांगावयाचे आहे.