बरा होता, पण…

कोथरूडमधल्या आमच्या लहानशा फिल्म क्लबचा मी २२ वर्षं चिटणीस आहे. महिन्याला एक सिनेमा, भाड्याचं सभागृह, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मध्यंतरात चहा. चिटणिसाचं खरं काम सिनेमा संपल्यावर सुरू होतं. दारात उभं राहायचं. सिनेमा मी निवडलाय हे बाहेर पडणाऱ्याला ठाऊक असतं आणि त्यानं वर्षाची वर्गणी भरलीय हे मला. त्यामुळे धड शिवी नाही, धड शाबासकी नाही, असं मधलंच काहीतरी त्याच्या तोंडून निघतं. त्या मधल्या बोलण्याचा अर्थ लावायला मला बरीच वर्षं लागली.

१. ‘पण’ कुठल्या बाजूला आहे ते बघावं.

अविनाश अरुणचा ‘किल्ला’ दाखवला तेव्हाची गोष्ट. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे कोकणात येऊन पडलेला मुलगा, नवी शाळा, धो धो पाऊस. संपल्यावर एकाच रांगेतल्या दोघीजणी लागोपाठ बाहेर आल्या. पहिली म्हणाली, “छान आहे, पण स्लो आहे.” दुसरी म्हणाली, “स्लो आहे, पण छान आहे.” मी दोघींना हसून एकच उत्तर दिलं आणि वहीत दोघींच्या नावापुढे ‘आवडला’ लिहिलं. पहिली पुढचे तीन महिने फिरकली नाही. दुसरीनं दोन दिवसांनी फोन करून विचारलं, “लेक सुट्टीला आलीय, परत लावाल का हो?”

मराठीत क्रियापद शेवटी येतं तसं मतही शेवटी येतं. ‘पण’च्या आधीचं बोलणं म्हणजे दारातली चप्पल. माणूस घरात शिरतो तो नंतर.

२. सुट्या भागांचं कौतुक म्हणजे अख्ख्याला नकार.

लग्नाच्या जेवणावरून आलेला माणूस “मठ्ठा फार छान होता” म्हणाला की बाकी पंगतीचं काय झालं असेल ते आपण ओळखतो. तसंच “फोटोग्राफी सुंदर.” तसंच “विषय चांगला निवडलाय.” सगळ्यात वाईट म्हणजे “प्रयत्न स्तुत्य आहे.” हे ऐकलं की पुढच्या महिन्याला मी मुकाट्यानं विनोदी सिनेमा लावतो.

३. तक्रार नीट ऐकावी, कधीकधी तीच उत्तम समीक्षा असते.

चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ २०१४ साली व्हेनिसला दोन पारितोषिकं घेऊन आला, मग त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि भारतानं तो ऑस्करलाही पाठवला. हे सगळं मी सुरुवातीच्या चार वाक्यांत मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं. गोष्ट एका लोकशाहिराची. त्याच्या गाण्यामुळे एका गटार साफ करणाऱ्या कामगारानं जीव दिला, असा त्याच्यावर आरोप आणि मग तारखांमागून तारखा. बाहेर येता येता आमचे एक निवृत्त वकील सभासद म्हणाले, “चांगला आहे हो, पण कॅमेरा एका जागी ठेवून कॅमेरामन चहाला गेला होता काय?” मी ओशाळून हसलो. त्यांच्यामागून आलेल्या बाई म्हणाल्या, “कोर्टातले दिवे बंद झाले तेव्हा मी पर्स उचलली, चपला घातल्या. तर आणखी आहेच!”

घरी येऊन विचार करत बसलो तेव्हा लक्षात आलं की दोघांनी सिनेमा अगदी बरोबर सांगितला होता. कॅमेरा हलत नाही, कारण त्या खोलीत कुणीच जागचं हलत नाही. फाइल पुढं सरकत नाही, तर कॅमेऱ्यानं कुठं जायचं? आणि दिवे बंद झाले तरी सिनेमा उरतो, कारण न्यायाधीश सुट्टीत सहलीला जातात, बाकावर डुलकी काढतात आणि तुरुंगातला माणूस तुरुंगातच राहतो. वकीलसाहेबांनी चाळीस वर्षं जे बसून पाहिलं तेच त्यांना दोन तास पुन्हा पाहायला लावलं होतं. त्यांची चिडचिड होणारच. पुढच्या वेळी मी त्यांना हे बोलून दाखवलं. म्हणाले, “असेल. पण खुर्च्या बदला.”

४. “इंटरव्हलपर्यंत मस्त” हे मत घाईनं खरं मानू नये.

हे मीच दिलेलं मत आहे. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला लागला आणि मी दुसऱ्याच आठवड्यात पाहिला. तोपर्यंत ‘झिंगाट’ला खुर्च्यांमध्ये नाचणाऱ्या पोरांच्या बातम्या येऊन गेल्या होत्या. आमच्या खेळालाही पोरं नाचली. मध्यांतरानंतर गोष्ट हैदराबादला गेली. गाणी मागं राहिली, झोपडपट्टीतली खोली आली, डोशाची गाडी आली, रोजची भांडणं आली. थिएटरमध्ये मोबाइल उजळायला लागले. मीही घड्याळ पाहिलं. बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, “चांगला आहे, पण दुसरा भाग लांबलाय. वीस मिनिटं कापायला हवी होती.”

महिन्याभरानं पुतण्यांबरोबर पुन्हा पाहिला. तेव्हा त्या वीस मिनिटांत नागराज मंजुळे काय करत होता ते दिसलं. तो आपल्याला त्या दोघांच्या संसाराची सवय लावत होता. भाजी, हप्ते, मूल, रुसवा. इतकं साधं की कंटाळा यावा. तो कंटाळा आला नसता तर शेवटी आवाज बंद होतो आणि ते लेकरू दाराबाहेर चालायला लागतं तेव्हा आपलं काहीच गेलं नसतं. आपण घड्याळ बघत असतो तेव्हाच ते दोघे आपल्या घरचे झालेले असतात.

माझ्या कोल्हापूरच्या मावसबहिणीनं मात्र पहिल्याच दिवशी नेमकं सांगितलं होतं: “लई भारी हाय, पण परत बघायचं धाडस न्हाई.” इतकं स्वच्छ ‘पण’ मी पुण्यात ऐकलेलं नाही.

५. काही ‘पण’ सिनेमाबद्दल नसतातच.

‘नटसम्राट’ २०१६ च्या १ जानेवारीला आला. आमच्या ज्येष्ठ सभासदांचं मत तिकीट काढायच्या आधीच तयार होतं: “नाना काम चांगलंच करतो, पण आम्ही डॉक्टरांचं पाहिलंय.” डॉक्टर म्हणजे श्रीराम लागू, नाटक १९७० चं. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी ‘कट्यार काळजात घुसली’च्या वेळीही हेच. १९६७ च्या नाटकातले खाँसाहेब वसंतराव देशपांडे. सिनेमात खाँसाहेब दिसतात सचिन पिळगावकर आणि गातात वसंतरावांचेच नातू राहुल देशपांडे. यावर आमचे एक काका म्हणाले, “आवाज घरचाच आहे, पण…” आणि थांबले.

मी आधी यावर वाद घालायचो. माध्यम वेगळं, क्लोजअप वेगळा वगैरे. आता घालत नाही. त्या ‘पण’पुढे खरं तर एक रात्र असते: थिएटरबाहेर उभी केलेली सायकल, पहिल्या पगारातून काढलेलं तिकीट, शेजारी बसलेलं कुणीतरी. तिच्याशी कुठला सिनेमा स्पर्धा करणार? काका पुढच्या आठवड्यात ‘कट्यार’ पुन्हा पाहून आले, हे मला काकूंकडून कळलं.

६. मताची तारीख लिहून ठेवावी.

‘शोले’चे पहिले दिवस थंड गेले होते आणि शेवट बदलावा का, इथपर्यंत चर्चा झाली होती, असं सांगतात. नंतर तोच सिनेमा मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. तेव्हा नाकं मुरडणारे पुढे कुणाला भेटलेच नाहीत. हे मी स्वतः पाहिलं ते ‘तुंबाड’च्या वेळी. २०१८ साली आमच्यातला जो तो म्हणे, “दिसायला जबरदस्त, पण कळला नाही.” दुसरी तक्रार अस्सल मराठी होती: “कोकणातला वाडा, कोकणातला पाऊस, ब्राह्मणाचं घर आणि बोलतात हिंदी!” (ही तक्रार मला आजही पटते.) २०२४ मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला. तेव्हा तीच मंडळी नातवंडांना घेऊन गेली आणि मला म्हणाली, “आम्ही तेव्हाच म्हटलं होतं.” माझ्याकडे वही आहे. अजून काढून दाखवलेली नाही.

७. न बोलता गेलेला सभासद विसरू नये.

जुलैत ‘फँड्री’ दाखवला. शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड थेट आपल्या अंगावर येतो आणि पडदा काळा होतो. त्या रात्री दारातून निम्मे लोक काहीच न बोलता गेले. प्रत्येक सिनेमाला न चुकता “बरा होता” म्हणणारे एक गृहस्थ तर भर पावसात छत्री विसरून गेले. पुढच्या महिन्यात छत्री परत देताना मी विचारलं, “मागचा कसा वाटला?” म्हणाले, “बरा होता.” मी ‘पण’ची वाट पाहिली. त्यांनी छत्री उघडून तिच्या काड्या तपासल्या, मिटली आणि आत जाऊन बसले.

८. आपला ‘पण’ घरी वापरू नये.

जुलै २०२३, ‘बाईपण भारी देवा’. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा. गावोगावी बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून झुंडीनं जात होत्या. आमची ही तिच्या बहिणींबरोबर आधीच पाहून आली होती. तरी माझ्यासाठी पुन्हा आली. मध्यांतरापासून तिचा रुमाल हातातच होता. रिक्षात बसल्यावर मी इतक्या वर्षांच्या अनुभवानं, अगदी तोलून मापून म्हणालो, “चांगला आहे, पण सगळं बोलून दाखवतात. प्रेक्षकावर थोडं सोडायला हवं होतं.”

तिनं रुमालाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली.

“न बोलता तुम्हाला कळलं असतं?”

रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता.