चिमूटभर म्हणजे किती? घरची कृती लिहायला शिकूया



या वेळचा पाठ हिशेबाच्या वहीचा नाही, स्वयंपाकाच्या वहीचा आहे. म्हणाल, स्वयंपाक आम्हाला कोण शिकवणार? खरं आहे. स्वयंपाक शिकवायचा नाहीच. आपण जे रोज हाताने करतो ते दुसरीला नुसतं वाचून करता यावं असं कसं लिहायचं, एवढंच आज बघायचं आहे.

त्याची गरज कुठे पडते ते आधी सांगते. गटातल्या पाच जणी घरोघरी लाडू करून आणतात. एकीचा मऊ, एकीचा दगडासारखा, एकीचा गोड मिट्ट. प्रदर्शनात ग्राहक पहिल्या दिवशी एक पाकीट नेतो, आवडलं म्हणून शेवटच्या दिवशी दुसरं नेतो आणि घरी गेल्यावर चव वेगळीच लागते. तो परत येत नाही, तक्रारही करत नाही. दुसरं म्हणजे, घरात सासूबाई किंवा आजी आहेत, त्यांच्या हातचा काळा मसाला साऱ्या गावात नावाजलेला. त्या म्हणतात, "अंदाजानं घालायचं गं." त्यांच्यामागे तो मसाला कोण करणार?

अंदाज म्हणजे अडाणीपणा नव्हे. पन्नास वर्षं रोज केल्यावर माप हातात येऊन बसतं. मूठ हेच त्यांचं माप, आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघतं. फक्त कागदाबरोबर ती मूठ पाठवता येत नाही.

हे काम आपल्या आधी बायकांनीच केलेलं आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' हे पुस्तक 1910 साली निघालं. मुली सासरी जाताना ते बरोबर नेत. नंतर कमलाबाई ओगले. त्यांचा जन्म 1913 चा, सांगली जिल्ह्यातल्या कुंडल गावचा, शाळा चौथीपर्यंत. स्वयंपाक शिकल्या त्या सासूबाईंच्या हाताखाली. 1970 साली त्यांचं 'रुचिरा' आलं आणि लाखाच्या वर प्रती खपल्या. त्यात मापं आहेत वाटीची आणि चमच्याची, म्हणजे आपल्याच मांडणीवरची. ज्या मुलीला फोडणीसुद्धा येत नव्हती, तिलाही ते पुस्तक उघडून भाजी करता येऊ लागली. चौथी शिकलेल्या बाईला हे जमलं, तेव्हा "मला लिहिता येत नाही नीट" ही सबब आपल्याकडून कोणी सांगायची नाही.

दुसरं उदाहरण लिज्जत पापडाचं. 15 मार्च 1959 ला मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. आज हजारो बायका आपापल्या घरी पापड लाटतात, तरी पापडाची चव एकच. ती कशी? पीठ प्रत्येकीने घरी मळायचं नाही. ते केंद्रावर एका मापाने मळलेलं मिळतं, बाई ते घरी नेते, लाटून वाळवून परत आणते. म्हणजे जिथे चव ठरते ते काम एका जागी, एका मापाने, आणि लाटायचं काम अनेक घरांत. आपल्या गटात माल वेगवेगळ्या घरी होत असेल तर हा विचार जरूर करा. मळणं किंवा भाजणं एकत्र करता येत नसेल, तर निदान कागदावरची कृती तरी एक हवी.

आता प्रत्यक्ष लिहून बघू. पदार्थ घेऊ नागलीचे लाडू. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडे नागली घरचीच.

आपण कृती सांगतो ती अशी: "नागलीचं पीठ तुपात खमंग भाजायचं, गूळ घालायचा, वळायचे लाडू. झालं."

ज्या बाईने हे लाडू कधी केले नाहीत, तिच्या मनात काय काय येईल बघा. पीठ किती? तूप आधी का मागून? गॅस मोठा की बारीक? खमंग म्हणजे कधी? गूळ गरम असताना का गार झाल्यावर? किती लाडू होतील? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आपल्याला येतं. फक्त ते हाताला माहीत आहे, तोंडापर्यंत कधी आलेलं नाही.

यातला "खमंग" सगळ्यात घोटाळ्याचा. बेसन भाजताना रंग बदललेला दिसतो, म्हणून तिथे "तांबूस होईपर्यंत" लिहिलं की भागतं. नागलीचं पीठ मुळातच तपकिरी, त्यात रंगावरून काही कळत नाही. नवखी बाई एक तर कच्चं काढेल नाही तर जाळेल. म्हणून रंगाऐवजी वेळ, वास आणि हाताला लागणारी खूण लिहावी लागते.

लिहिलेली कृती अशी दिसेल:

नागलीचे लाडू (साधारण 14, प्रत्येकी 30 ग्रॅम)

साहित्य: नागलीचं पीठ 2 वाट्या (200 ग्रॅम), चिरलेला गूळ 1 वाटी (120 ग्रॅम), साजूक तूप पाऊण वाटी (100 ग्रॅम), वेलची पूड अर्धा चहाचा चमचा. वाटी 150 मिलीची.

1. जाड बुडाच्या कढईत निम्मं तूप घाला. वितळलं की पीठ घाला.
2. गॅस बारीक ठेवा. 12 ते 15 मिनिटं सतत हलवत भाजा. उरलेलं तूप अधूनमधून थोडं थोडं सोडा.
3. कच्च्या पिठाचा वास जाऊन भाजक्या भाकरीसारखा वास आला, आणि हलवताना पीठ आधीपेक्षा हलकं लागायला लागलं की गॅस बंद करा. कढई गरम असते, म्हणून पीठ लगेच परातीत काढा.
4. हात लावता येईल इतकं कोमट झाल्यावर गूळ आणि वेलची घालून हाताने चोळून एकजीव करा. कडकडीत पिठात गूळ घातला तर तो वितळतो आणि गार झाल्यावर लाडू कडक होतो.
5. कोमट असतानाच वळा. वळताना फुटत असतील तर एक चमचा पातळ तूप घाला.
6. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा किंवा पाकीट बंद करू नका. आत वाफ धरली की बुरशी येते.

बघा, साहित्य आधी आणि कृती नंतर. कृतीला आकडे आहेत, कारण तिथला क्रम चुकून चालत नाही. साहित्याला आकडे नाहीत. आणि जिथे चुकायची शक्यता आहे तिथे "का" तेही लिहिलं आहे. का कळलं की बाई ते विसरत नाही.

वाटीचं तेवढं पक्कं करा. प्रत्येक घरची वाटी वेगळी. आपली वाटी केवढी हे कळायला सोपी युक्ती आहे: गटाच्या वजनकाट्यावर रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणा, वाटी काठोकाठ पाण्याने भरा. जितके ग्रॅम, तितके मिली. पीठ मात्र दाबून भरलं तर जास्त बसतं, सैल भरलं तर कमी, म्हणून विक्रीच्या मालाला वाटी वापरूच नका, वजनच करा. चमचाही कोणता ते लिहा. चहाचा चमचा 5 मिलीचा, मोठा 15 मिलीचा. नुसतं "एक चमचा हळद" म्हटलं तर तिपटीचा फरक पडू शकतो.

वजनात लिहिण्याचा फायदा ऑर्डर आली की कळतो. 200 ग्रॅम पिठाला 120 गूळ आणि 100 तूप, म्हणजे 5 किलो पिठाला 3 किलो गूळ आणि अडीच किलो तूप. एकूण साडेदहा किलो, म्हणजे कागदावर 350 लाडू. कढईला, हाताला लागून थोडे कमीच भरतील, ते धरूनच भाव सांगा. वेळ मात्र अशी गुणून चालत नाही. पाच किलो पीठ एकदम कढईत घातलं तर खालचं जळतं, वरचं कच्चं राहतं. किलो-किलोचे घाणे करा.

आता परीक्षा. लिहिलेला कागद अशा मैत्रिणीला द्या जिने तो पदार्थ कधी केलेला नाही. ती करेल, तुम्ही शेजारी बसायचं आणि एक शब्दही बोलायचं नाही. (हे स्वयंपाकापेक्षा अवघड आहे, करून बघा.) ती जिथे थांबेल, इकडेतिकडे बघेल, विचारायला तोंड उघडेल, तिथे कागदावर खूण करा. तिथे तुमचं लिहिणं अपुरं आहे. तेवढंच सुधारा आणि कागद तिसरीला द्या.

नावाचंही बघा. आपण नागली म्हणतो, पुण्या-कोकणाकडे नाचणी, दुकानातल्या पाकिटावर रागी. आपली खुरसणी ती दुसरीकडे कारळे, वरई ती भगर. कृती जिल्ह्याबाहेर जाणार असेल तर सगळी नावं लिहा, पण आपलं नाव पहिलं.

बऱ्याच जणींच्या मुली आता कॉम्प्युटर शिकतात. त्यांना सांगून ही कृती इंटरनेटच्या पानावर टाकता येते. कोड म्हणजे काही जादू नाही, यंत्राला दिलेली सूचना. त्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. त्यात प्रत्येक मजकुराला खुणेची चिठ्ठी लावतात: हे शीर्षक, ही बिनआकड्यांची यादी, ही आकड्यांची यादी. पहिल्या यादीत आपलं साहित्य बसतं, दुसरीत कृती. पदार्थाचं नाव, किती नग, किती वेळ, साहित्य आणि पायऱ्या अशा वेगवेगळ्या चिठ्ठ्या लावल्या की गूगललाही ही पाककृती आहे हे कळतं आणि शोधणाऱ्याला ती सापडणं सोपं जातं. फोटोवर अक्षरं छापून व्हॉट्सॲपला फिरवलेली कृती अशी शोधून मिळणं कठीण, दोन दिवसांत ती वाहून जाते. मुलगी कोड लिहील, पण यंत्राला "अंदाजे" कळत नाही आणि मुलीलाही. वर केलेलं काम आपल्यालाच करावं लागणार.

व्हिडिओ करू का, असं काही जणी विचारतात. जरूर करा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, 'आपली आजी', यांनी 2020 मध्ये नातवाच्या मदतीने यूट्यूबवर सुरुवात केली आणि लाखो लोक त्यांचा स्वयंपाक बघू लागले. हाताची हालचाल, पिठाचा घट्टपणा व्हिडिओत जितका कळतो तितका लिहून कळत नाही. पण पिठाचे हात असताना व्हिडिओ मागेपुढे करता येत नाही, आणि माप शोधायचं तर कागदच बरा. दोन्ही ठेवा.

आता मनातला खरा प्रश्न: कृती सांगून टाकली तर आपला माल कोण घेणार?

माझं मत सांगते, पटलं तर घ्या. पाकिटावर साहित्य तर कायद्याने लिहावंच लागतं, तेही वजनाने जास्त असेल ते आधी. आपल्या लाडवात पीठ, मग गूळ, मग तूप, मग वेलची. तुपामुळे दुधाचा पदार्थ आहे हेही लिहायचं. म्हणजे काय काय घातलं हे गुपित नाहीच. लाडू, भाकरी, भाजी, चटणी यांची घरगुती मापाची कृती सांगायला हरकत नाही. वाचणाऱ्या शंभरात फार थोड्या करतील, बाकीच्यांना गटाचं नाव कळेल. विक्रीच्या मसाल्याचं नेमकं प्रमाण ही वेगळी गोष्ट. ते गटाचं आहे, एकीने परस्पर कुठे टाकू नये. द्यायचं की नाही हे बैठकीत ठरवा आणि ठरावाच्या वहीत लिहा.

आणि ज्या बाईकडून कृती आली तिचं नाव तिच्या परवानगीने लिहा. पदार्थावर कोणाची मालकी नसते, कायदाही लिहिलेल्या शब्दांना आणि फोटोला संरक्षण देतो, लाडवाला नाही. म्हणूनच पाड्यावरच्या आजीचा पदार्थ कोणी येऊन बघून जातं आणि पुढे तो स्वतःच्या नावाने छापतं, तेव्हा आजीला काही करता येत नाही. आपण आधी लिहून ठेवलं, तारीख आणि नाव घातलं, तर निदान तो कुठून आला हे दिसतं. दुसऱ्याच्या पुस्तकातला मजकूर किंवा फोटो मात्र आपणही उचलायचा नाही. आपल्या शब्दांत लिहा.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीने एक कृती लिहून आणा. ज्या आजींना लिहिता येत नाही त्यांच्याकडे सीआरपी ताईंनी काटा घेऊन जावं. आजी मूठ टाकतील ती आधी काट्यावर ठेवलेल्या ताटलीत घ्या, आकडा लिहा, मग कढईत जाऊ द्या. शेवटी सगळं वाचून दाखवा. त्या "हो, असंच" म्हणाल्या की खाली त्यांचं नाव आणि गाव लिहून कागद ग्रामसंघात जमा करा.