कडकनाथ घेताना आधी नर पाहा

नागपूरजवळ हिंगण्याकडच्या आमच्या शेतावर कडकनाथ म्हणून पिल्लांचा एक लॉट आला. सुरुवातीला सगळी सारखीच काळी होती. तुरे वाढू लागले तशी तफावत उघड झाली. तलंगा काळ्याभोर राहिल्या, पण नरांचे तुरे लालबुंद झाले आणि पायांच्या नळ्या फिकट पडल्या. "ऊन लागलंय, पुढे काळे पडतील," असं विक्रेत्याने सांगितलं. ते काळे पडणार नव्हतेच. ती संकराची खूण होती आणि पक्षी घेणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असायला हवी.

कडकनाथच्या कातडीपासून हाडांपर्यंत काळेपणा पसरवणारा जनुक प्रभावी आहे. एकट्या बापाकडून आला तरी तो काम करतो. मात्र फिकट कातडीच्या अनेक जातींत हा काळेपणा दाबणारा दुसरा जनुक असतो आणि तो लिंगाशी निगडित असतो. मादीला असा जनुक फक्त बापाकडून मिळतो, नराला आईबाप दोघांकडून. त्यामुळे कडकनाथ नर आणि फिकट कोंबडी यांच्या पिल्लांत माद्या अस्सलासारख्या काळ्या निघतात आणि नर फिकट. जनुकशास्त्रज्ञ बेटसन आणि पनेट यांनी 1911 मध्ये काळ्या कातडीची सिल्की आणि फिकट कातडीची ब्राऊन लेगहॉर्न यांच्या संकरातून हेच दाखवलं होतं. म्हणून नुसत्या काळ्या तलंगा दाखवून कुणी सौदा करत असेल, तर त्याच पिल्लांतले वाढलेले नर दाखवायला सांगा.

कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर भागातला. भिल्ल आणि भिलाला समाजाने तो जपला. जेट ब्लॅक, पेन्सिल्ड आणि गोल्डन असे त्याचे तीन प्रकार आहेत, म्हणजे मानेवर चंदेरी किंवा सोनेरी पिसं असली तरी पक्षी अस्सल असू शकतो. तुरा एकेरी, बोटं चार. जीभ, कातडी, नळ्या काळपट. तुऱ्यावर जांभळट झाक चालते. पूर्ण वाढलेला नर साधारण 1.8 ते 2 किलो, मादी 1.2 ते 1.5 किलो. अंडं फिकट तपकिरी असतं आणि रक्त लालच असतं. काळं अंडं किंवा काळं रक्त सांगून भाव वाढवणाऱ्याकडून काहीच घेऊ नका.

ब्लॅक ऑस्ट्रालॉर्पची पिसं काळी, हिरवट चमकेची असल्याने लांबून फसगत होते. पक्षी हातात घेऊन पिसं फुंकरीने बाजूला करा. तिची कातडी पांढरी, तुरा लाल आणि पायाचा तळवा फिकट असतो. एक दिवसाचं पिल्लू पोटाकडून पिवळट-पांढरं असतं. शोभेच्या पक्ष्यांत विकली जाणारी सिल्की बँटम कातडीने काळीच असते, पण पिसं रेशमी केसांसारखी आणि बोटं पाच. इंडोनेशियाचा आयाम सेमानी मात्र कडकनाथच्या फार जवळ जातो. तिथे पैदाशीच्या पक्ष्यांची माहिती विचारण्याला पर्याय नाही.

एक अडचण उरते. गावठी कोंबडीच्या नळ्या काळसर असतील, तर तिच्या संकरातले नरही काळे निघू शकतात. तिथे एका पक्ष्यावर निर्णय करू नका. आईबाप पाहा, वाढलेला सगळा कळप पाहा, वजनं करा. मोठ्या, लवकर वजन धरणाऱ्या पक्ष्यांबद्दल शंका घ्या. संकर घेण्यात वाईट काहीच नाही. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कडकनाथच्या संकरातूनच 'कॅरी श्यामा' तयार केली आणि ती संकर म्हणूनच ओळखली जाते. संकर कडकनाथच्या भावाने विकणं वाईट.

2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. नागपुरात वाढवलेला अस्सल पक्षीही झाबुआच्या नावाने विकता येत नाही, हे विकणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

घेताना पावतीवर जातीचं नाव, पिल्लांचं वय आणि पैदाशीचे पक्षी कुठले हे लिहून घ्या. शंका आली तर पक्षी घेऊन सेमिनरी हिल्सवरच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात जा. आणि लॉट मिश्र निघाला, तर पैशांच्या वसुलीआधी एक करा: त्यातले नर पैदाशीला ठेवू नका आणि त्या तलंगांची पिल्लं कडकनाथ म्हणून कुणाला देऊ नका. काळ्या तलंगा आपल्याला अस्सल वाटतात, पण पुढच्या घेणाऱ्याच्या कळपात भेसळ त्यांच्यातूनच शिरते.