संघर्षग्रस्त प्रदेशातील खाजगी सुरक्षा सेवा : पात्रता आणि दक्षता

सैन्यातून निवृत्त होणारा जवान बहुधा पस्तिशी-चाळिशीतच गावी परततो. अंगी शिस्त असते, शस्त्राचे ज्ञान असते आणि संसाराच्या जबाबदाऱ्या ऐन भरात आलेल्या असतात. सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत लष्करी सेवेची परंपरा जुनी असल्याने असे जवान गावोगाव आढळतात. परदेशात मोठ्या पगारावर सुरक्षारक्षक हवे आहेत, अशी वार्ता आली की प्रथम विचारणा होते ती शाळेतील शिक्षकाकडे, सरपंचाकडे किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे. ती नोकरी युद्धाची छाया असलेल्या प्रदेशातील असेल, तर तिच्यासाठी कोणती पात्रता लागते, याची माहिती या सर्वांना असणे अगत्याचे आहे.

या सेवेची वाढ

२००३ मध्ये इराकमध्ये युद्ध झाले. त्यानंतर तेथील वकिलाती, तेलप्रकल्प, बांधकाम कंपन्या व मदतसंस्था यांच्या रक्षणासाठी खाजगी कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर माणसे नेमली. नेपाळ, युगांडा, पेरू यांसारख्या देशांतून रक्षक तेथे गेले. १६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या अमेरिकन कंपनीच्या रक्षकांनी केलेल्या गोळीबारात १७ इराकी नागरिक मृत्युमुखी पडले. बंदूक चालवता येणे आणि ती केव्हा चालवू नये हे कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या घटनेने जगापुढे आणले.

२००८ मध्ये स्वित्झर्लंड व आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समिती यांच्या पुढाकाराने १७ राष्ट्रांनी माँत्रो दस्तऐवज मान्य केला. २०१० मध्ये ५८ कंपन्यांनी एका आंतरराष्ट्रीय आचारसंहितेवर सह्या केल्या व तिच्या पालनावर देखरेख करणारी संस्था २०१३ मध्ये जिनिव्हा येथे स्थापन झाली. रक्षकाची पूर्वचौकशी, नियमित शस्त्रप्रशिक्षण आणि प्रत्येक घटनेचा लेखी अहवाल या गोष्टींची अपेक्षा ही संहिता कंपन्यांकडून करते. स्वतःच्या किंवा इतरांच्या प्राणावर तात्काळ बेतले असता किंवा जीविताला गंभीर धोका असणारा गुन्हा रोखण्यासाठीच बंदुकीचा वापर करावा, असे तिचे बंधन आहे.

व्यक्तीची पात्रता

सर्व देशांत चालेल असा एकच परवाना या सेवेसाठी नाही. ब्रिटनमध्ये २००१ च्या कायद्यानुसार अंगरक्षकाच्या कामास स्वतंत्र परवाना लागतो. भारतात २००५ चा खाजगी सुरक्षा अभिकरण विनियमन कायदा आहे. त्यानुसार रक्षकाचे वय १८ ते ६५ वर्षांच्या दरम्यान असावे व चारित्र्याची पडताळणी झालेली असावी. केंद्राच्या आदर्श नियमांत १०० तास वर्गातील आणि ६० तास मैदानी प्रशिक्षण सांगितले आहे. माजी सैनिकांस ते अनुक्रमे ४० व १६ तासांचे आहे. एक किलोमीटर अंतर सहा मिनिटांत धावता यावे, अशीही अट आहे.

परंतु हे प्रशिक्षण बँक, कारखाना, गृहसंकुल अशा ठिकाणच्या रखवालीसाठी आहे. सुरुंग ओळखणे, वाहनांच्या ताफ्याचे रक्षण करणे, जखमीचा रक्तस्राव काही मिनिटांत थांबवणे, बिनतारी यंत्रावर इंग्रजीत नेमका संदेश देणे ही कौशल्ये वेगळी शिकावी लागतात. लष्करी वा पोलीस सेवेचा निष्कलंक दाखला, सखोल वैद्यकीय तपासणी आणि दीर्घकाळ ताण सोसणारे मन यांचीही तितकीच गरज असते.

येथे एक कायदेशीर मुद्दा माजी सैनिकांनी विशेष ध्यानात घ्यावा. गणवेश उतरल्यावर तो सैनिक राहत नाही. आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्याच्या दृष्टीने खाजगी रक्षक हा सर्वसाधारणपणे नागरिक होय. त्याने लढाईत प्रत्यक्ष भाग घेतल्यास, भाग घेत असेपर्यंत नागरिकाला मिळणारे संरक्षण त्याला मिळत नाही. तो भाडोत्री सैनिक ठरल्यास १९७७ च्या पहिल्या पूरक करारानुसार त्याला युद्धकैद्याचा हक्क सांगता येत नाही. म्हणूनच काम रखवालीचे आहे की लढाईचे, हा सर्वात पहिला प्रश्न होय.

संस्थेची पात्रता

उमेदवाराची कागदपत्रे तपासली जातात, पण नेणाऱ्याची कोण तपासतो? २००५ च्या कायद्यानुसार भारतीय सुरक्षा संस्थेस परदेशात सेवा पुरवावयाची असल्यास नियंत्रक प्राधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते आणि ती देण्यापूर्वी केंद्र शासनाचा विचार घेतला जातो. परदेशी मालकासाठी माणसे भरती करणाऱ्या दलालाची १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. २०१७ च्या नियमांनुसार त्याला उमेदवाराकडून कमाल ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढेच सेवाशुल्क घेता येते. नोंदणीकृत दलालांची यादी केंद्राच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते.

दहावी उत्तीर्ण व्यक्तीच्या पारपत्रावर उत्प्रवास परवानगीची अट नसते. ही सवलत खरी, परंतु त्यामुळे शासकीय छाननीचा एक टप्पाही वगळला जातो. अशा उमेदवाराने स्वतःच अधिक चौकशी करावयास हवी.

करारपत्र

२० जून २०१६ रोजी काबूलमध्ये कॅनडाच्या वकिलातीचे रक्षक कामावर निघाले असता त्यांच्या मिनीबसवर आत्मघातकी हल्ला झाला. मृतांत नेपाळी रक्षकांबरोबर भारतीयही होते. रक्षकाला धोका केवळ पहाऱ्यावर असतानाच असतो असे नाही, हे यातून दिसते. म्हणून राहण्याची जागा, ने-आण करणारे वाहन, विमा, जखमी झाल्यास उपचार व परतीचा खर्च यांचा उल्लेख करारात स्पष्ट हवा. करार उमेदवाराला समजणाऱ्या भाषेत असावा. पारपत्र प्रशासकीय कामापुरत्या अल्प काळाहून अधिक काळ कंपनीने ठेवू नये, असे आंतरराष्ट्रीय संहिताही सांगते.

या खबरदारीअभावी काय घडते, याचे उदाहरण ताजे आहे. लष्करात मदतनीस किंवा सुरक्षा सहायक म्हणून काम मिळेल, असे सांगून अनेक भारतीय तरुणांना रशियात नेण्यात आले व युक्रेनच्या आघाडीवर पाठवण्यात आले. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने मुंबईसह सात शहरांत छापे घातले. परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार अशा १२६ प्रकरणांपैकी १२ जणांचा मृत्यू झाला होता व १६ जण बेपत्ता होते.

गावपातळीवरील कर्तव्य

विचारणा करणाऱ्या तरुणाला परावृत्त करणे हा या माहितीचा हेतू नाही. त्याला चार प्रश्न विचारावेत : दलालाचा नोंदणी क्रमांक कोणता? मालक कोण व काम नेमके कोणते? करारपत्र हाती आले आहे काय? आणि काही विपरीत घडल्यास घरच्यांनी कोणाकडे दाद मागावयाची? एकाही प्रश्नाचे उत्तर कागदावर मिळाले नाही, तर पैसे भरण्यापूर्वी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय किंवा पोलीस ठाण्याकडे विचारणा करावी. करारपत्र, व्हिसा व पारपत्र यांच्या प्रती कुटुंबाजवळ ठेवाव्यात. शाळेतील किंवा पंचायतीतील जाणत्या व्यक्तीने इंग्रजी करार वाचून त्याचा अर्थ मराठीत समजावून दिला, तर त्या एका तासात एखादे घर उद्ध्वस्त होण्यापासून वाचू शकते.