टेप बसवतोयस म्हणे!

पुणे, रविवार

चि. केदार यास,


तुझ्या आईचा काल फोन आला होता. जुनी आल्टो घेतलीस ते पेढ्यांबरोबर कळलंच होतं. आता तिच्यात टेप तू स्वतः बसवणार म्हणून ती काळजीत आहे. मला मात्र बरं वाटलं. (तू स्टिरिओ म्हणत असशील. आमच्या तोंडून 'टेप' काही जायचा नाही.) दुकानात तासाभरात काम होईल, पण डॅशबोर्डमागे तिथल्या मेकॅनिकने काय करून ठेवलंय ते तुला कधीच कळणार नाही. तेव्हा बसव. फक्त गाडीची मूळ वायर कापू नकोस. बाकी बरंच काही चुकलं तरी निस्तरता येतं.

सेट घेण्याआधी डॅशबोर्डमधली खाच मोज. सिंगल डिन म्हणजे 180 मिलिमीटर रुंद आणि 50 उंच. मोठ्या स्क्रीनचा डबल डिन याच्या दुप्पट उंच असतो. त्याच्यासाठी प्लास्टिक कापायला बसू नकोस, ब्लूटूथवाला साधा सेट पुरे. आणि नाना पेठेत जाऊन तुझ्या गाडीच्या मूळ सॉकेटात बसणारा कपलर आण. सेटच्या वायरी त्या कपलरला घरीच टेबलावर, उजेडात जोडायच्या. गाडीत फक्त खटकन बसवायचा. उद्या सेट काढावासा वाटला तर कपलर ओढला की गाडी होती तशी.

सेटच्या वायरींचे रंग बहुधा ठरलेले असतात. पिवळी कायम बॅटरीवर, लाल चावीवर, काळी अर्थ. गाडीकडच्या रंगांवर मात्र भरवसा नको. सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाच्या मेकॅनिकला जी वायर हाताशी सापडली ती त्याने लावलेली असते. म्हणून मल्टीमीटर लाव. चावी काढलेली असतानाही बारा-साडेबारा व्होल्ट दाखवते ती पिवळीची जोडीदार, आणि चावी फिरवल्यावरच जिवंत होते ती लालची. या दोघींची अदलाबदल झाली तर दर वेळी गाडी बंद केली की सेट घड्याळ आणि स्टेशनं विसरतो. दोन्ही कायमच्या बॅटरीवर जोडल्यास तर तू गावाला जाऊन येईपर्यंत बॅटरी बसलेली असेल. मित्राच्या नव्या गाडीत मात्र उत्साहाने हात घालू नकोस, तिथे पिवळ्या आवरणातली वायर एअरबॅगची असते.

मोजून झालं की दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढ आणि काम संपल्यावर सगळ्यात शेवटी लाव. उलट केलंस तर पॉझिटिव्हवरचा पाना पत्र्याला टेकायचा अवकाश, ठिणगी उडालीच.

आता जोड. दोन तारांना पीळ दिला आणि वर काळी टेपपट्टी गुंडाळली, की आपल्याकडे काम झालं म्हणतात. मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली की त्या पट्टीचा गोंद पातळ होतो, पट्टी सरकते आणि उघडी तार शेजारणीला भेटते. डाग दे, वर हीट श्रिंकची नळी चढव आणि ती गरम करून आवळून घे. नळी डाग देण्याआधी तारेत ओवायची असते. मी इतकी वर्षं हे करतोय, तरी अजून चारातला एक जोड नळीवाचून होतो आणि पुन्हा उकलावा लागतो.

स्पीकरची मायनस वायर बॉडीला जोडू नकोस. जुन्या टेपमध्ये ते चालून जायचं, आताच्या सेटची आयसी त्याने जाते. कोणतं टोक प्लस ते कळत नसेल तर पेन्सिल सेल क्षणभर टेकव. पडदा बाहेर उसळला तर सेलचं प्लस ज्या टोकाला आहे तेच प्लस. एका दाराचं उलटं लागलं तरी गाणं वाजतं, पण ढोलकीतला दम जातो आणि माणूस उगाच स्पीकरला नावं ठेवतो. दाराचं पॅड काढशील तेव्हा आतलं प्लास्टिक फाडू नकोस, नाहीतर पावसाळ्यात पाणी पॅडमध्ये झिरपेल.

खोक्यावरच्या 'चार गुणिले पन्नास वॅट'ला भुलू नकोस. ते आकडे लग्नाच्या बायोडेटातल्या आकड्यांसारखे असतात. सेटच्या पाठीमागचा फ्यूज बघ, बहुधा दहा अँपिअरचा असतो. इंजिन चालू असताना साधारण चौदा व्होल्ट मिळतात, म्हणजे 140 वॅट आत जाणार. मग दोनशे सतत बाहेर कुठून येणार? गाणं ऐकायला तेवढे लागतही नाहीत.

अ‍ॅम्प्लिफायरचा विचार असेल तर आईच्या काळजीचं कारण सांगून टाकतो. माझ्या मारुती 800 मध्ये मी हौसेने एक बसवला होता. बॅटरीपासून जाड वायर आणली ती इंजिनामागच्या पत्र्याला भोक पाडून, आणि भोकात रबरी ग्रोमेट घातलं नाही. बॅटरीपाशी फ्यूजही लावला नाही. अ‍ॅम्प्लिफायरला स्वतःचा आहे की, म्हटलं. तो फ्यूज अ‍ॅम्प्लिफायर वाचवतो, मधल्या वायरीला वाली नसतो. पत्र्याच्या धारेवर वायर घासत राहिली आणि कात्रजच्या बोगद्याच्या अलीकडे बॉनेटमधून धूर यायला लागला. मागच्या सीटवर तुझी आई. पाना शोधून टर्मिनल सोडवेपर्यंत वायर तांब्यापर्यंत नागडी झाली होती. साताऱ्याला आम्ही एसटीने पोचलो. त्या दिवसापासून बॅटरीवरून निघणाऱ्या वायरीला मी वीतभर अंतरातच फ्यूज लावतो.

इंजिनाची रेस वाढवल्यावर स्पीकरमधून शिट्टी येऊ लागली, तर आधी अर्थ बघ. पत्र्यावरचा रंग खरवडून बोल्ट नीट आवळला, की बऱ्याचदा ती तिथेच थांबते.

मल्टीमीटर विकत घेऊ नकोस, माझा घेऊन जा. त्यातला सेल तेवढा नवीन टाक.

तुझा,
मामा